मान आणि डोळा

एका रात्रीत दहिवर गोठलं आणि डेलिया काळे पडले,
उकडलेल्या पालकासारखे.
एंडेल तेव्हा तार्तूच्या इस्पितळात, खुब्यात खिळा ठोकून घेऊन.
फोनवर म्हणाला, "आठ दिवस थांब, मग काढ.
देठ वीतभर ठेव. आणि मानेला जप.
कंद केवढाही गलेलठ्ठ असो,
मान मोडली की संपला."

मी बस चालवतो. वोरू ते तार्तू, दिवसातून दोनदा.
फुलांतलं मला एवढंच कळतं
की मातृदिनाला ती महाग होतात.

तरी गुडघे टेकले.
झोपलेल्या पोराखालून हात काढून घ्यावा
तसा एकेक गड्डा सोडवला.
एकवीस निघाले,
गाईच्या सडांसारखे फुगीर, गार.

मी ते धुतले. धुवायचे नव्हते म्हणे.
चिठ्ठ्यांवर नावं पेनाने लिहिली. पेन्सिल हवी होती.
सफरचंदांच्या पेट्या, लाकडाचा भुस्सा,
तळघरात पारा चारवर.
दर रविवारी कंदिलासारखा फोन धरून खाली:
मऊ पडलेला कापून टाकायचा,
सुरकुतलेल्यावर पाण्याचा हबका, जरासाच.
बाहेर उणे बावीस, डिझेलची साय होत होती,
आणि खाली बटाटे, बीट, हे,
सगळे एका कुशीवर.
जानेवारीत कधीतरी लक्षात आलं,
मी पाय न वाजवता जिना उतरतोय.

मार्चअखेर एंडेल घरी आला.
सात पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली; मी वेळ बघतोच, सवय आहे.
चिठ्ठ्यांवर नावं नव्हती, निळे डाग होते.
तो काही बोलला नाही.
एकेक कंद उचलून मानेवरून अंगठा फिरवत गेला.
"आंधळा." फेकला.
सगळ्यात मोठा, माझा लाडका: "हाही आंधळा."
मग एक मरतुकडा, बोटाएवढा. "हा बघ."
मला काही दिसेना.
त्याने माझं बोट धरून तिथे टेकवलं.
मोहरीएवढा उंचवटा.
"सगळा हिवाळा याचा डोळा लागला होता," म्हणाला,
"आता उघडतोय."

अकरा वाचले. तो मरतुकडा मला दिला.
रंग कोणता?
"ऑगस्टात तूच मला सांग."

सध्या तो बसच्या पुढच्या काचेपाशी, दह्याच्या डब्यात.
कानेपीच्या वळणावर खड्डा आला की
मी गाडी अगदी हळू घेतो.
मागच्या म्हाताऱ्या बायकांना वाटतं,
त्यांच्यासाठीच.