काटा

रात्रपाळीला माझ्या खिडकीतून
फक्त टायर दिसतात, आणि आकडे.
गाडी काट्यावर चढते, लोखंड कण्हतं,
आकडा थरथरतो, थांबतो. मी पावती फाडतो.
भरलेली वजा रिकामी. एवढंच माझं गणित.

पाच गावं आणि एक शहर, सामाईक प्रकल्प,
असं पाटीवर आहे.
कुणाचं नाव आधी, यावर सात बैठका झाल्या.
शेवटी बाराखडीने भांडण सोडवलं.
कचरा कुणाचा, या प्रश्नाला बाराखडी नव्हती.

मी डेपोच्या गावचा. विहिरीचं पाणी
कोऱ्या चहासारखं झालं तेव्हा नववीत होतो.
सोयरिकीला आलेली माणसं
रुमाल नाकाला लावूनच बसायची,
पोहे तसेच ठेवून 'कळवतो' म्हणायची.
माझ्या बहिणीला सहा वेळा 'कळवतो' मिळालं.
शहराला वाटायचं, कचरा जातो.
गाडी वळली की गेला.
आम्ही त्या वळणापलीकडे राहायचो.

मग गाड्या अडवल्या. तेरा दिवस.
चौदाव्या दिवशी पेठांना वास आला
आणि साहेब आले, बाटलीबंद पाणी घेऊन.
सरपंच मथुरा गिरमेबाईंनी बाटली बाजूला सारली,
विहिरीचा तांब्या पुढे केला. म्हणाल्या, आधी हे.
साहेब प्यायले नाहीत.
पण खालीही ठेवला नाही,
बैठक संपेपर्यंत तांब्या हातात धरून बसले.
तिथून सुरुवात झाली, असं मी मानतो.
इतिवृत्तात तसं काही नाही.

आता पट्ट्यावर कौतिका अवघडे उभी असते.
गाडीचा नंबर न बघता सांगते:
ही कोथरूडची, मटारच्या सालींत एक पिशवी नाही.
ही मंगल कार्यालयाची, अख्ख्या जिलब्या.
ही पुरंदरकडची, सीताफळाच्या बियाच बिया.
परवा तिला कागदात गुंडाळलेलं ब्लेड सापडलं,
वर लाल पेनाने, लहान मुलाच्या अक्षरात: जपून.
कागद तिने डब्याच्या झाकणावर चिकटवलाय.
वीस वर्षांत पहिल्यांदा
कचऱ्यातून कुणीतरी तिच्याशी बोललं.

भांडणं आहेतच.
पावसात भिजलेल्या गाडीचं जादा वजन
कुणाच्या खात्यात? एक गाव डायपर
पालापाचोळ्याखाली दडपून पाठवतं.
एका गावाचं बिल तीन महिने थकलंय,
त्यांचे अध्यक्ष भेटले की आधी माझ्या आईची तब्येत विचारतात.
गॅसची टाकी मधूनच रुसते.
खत मात्र चांगलं होतं, काळं, भुसभुशीत.
आमच्याच गावाने ते सगळ्यात शेवटी नेलं.
हात लावायला धजावत नव्हतं कुणी.

डेपोकडे पूर्वी चाळीस गाड्या जायच्या.
आता तीन.
चाळिसांवर भाषणं होतात. मला त्या तीन दिसतात,
पहाटे साडेचारला, दिवे मंद करून जाणाऱ्या.

काट्यानेच काटा काढायचा म्हणतात.
हा साठ टनी आहे. निघतोय.
आत किती मोडून राहिलाय, ते या यंत्रावर दिसत नाही.

बहीण आता शहरात, चौथ्या मजल्यावर.
परवा रात्री दीड वाजता तिचा फोन:
दादा, फुटलेली बरणी कुठल्या डब्यात?
काट्यावर शब्बीरची गाडी उभी, हॉर्न वाजवतेय.
थांब म्हटलं त्याला.
कागदात गुंडाळ, म्हणालो, वर लाल पेनाने लिही.
काय लिहू?

कळवलं. लगेच.