आधीच भरलेल्या कांड्या

साइट टॉवेलची. कारखाना अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
आणि अशोक चौकामागे, पत्र्याखाली, मी.
मे महिना. फॅन नुसती धग ढवळतोय.

गड्डमशेठ म्हणाले, पान उघडायला एवढा वेळ?
गिऱ्हाईक तेवढ्यात इचलकरंजीला जातंय की.

तीन सेकंद. मोजले मी.
टिचकीनंतर पांढरं पान
आणि स्वतःभोवती फिरणारं एक वर्तुळ.

अम्मा आठवली.
नाना मागावर, ती खाली कांडी मशीनशी.
धोट्यातलं सूत संपायच्या आत
पुढची कांडी नानांच्या हातात.
मागाकडे बघायचीसुद्धा नाही,
किती खटके झाले ते तिला आत कुठेतरी कळायचं.

तेच लिहिलं. जावास्क्रिप्टच्या नऊ ओळी.
गिऱ्हाईक यादी वाचतंय तोवर
मागच्या मागे पुढची पानं आणून ठेवायची.
बोट टेकलं, पान हजर.
आणि आणली तर सगळीच आणली:
नॅपकिन, पंचे, मोराची चादर, हॉटेलचे पांढरे टॉवेल,
शेठच्या वडिलांच्या फोटोचं पानसुद्धा.
आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो,
दिसेल ते भांडं भरून ठेवायची सवय.

शेठनं शेंगाचटणी पाठवली, अर्धा किलो.

आठवड्यानं मंगळवेढ्याहून फोन. दुकानदार, चन्नप्पा हत्तुरे.
"ताई, तुमची साइट उघडली की
माझं दिवसाचं नेट संपतंय बघा.
मला एकच पंचा बघायचा होता."

कान तापले माझे.
अम्मानंही एकदा राणी कलरच्या दोन टोपल्या भरल्या होत्या,
ऑर्डर पक्की समजून. ऑर्डर फिरली.
नाना काहीच बोलले नाहीत.
दोन वर्षं घरातल्या सगळ्या परकरांना
राणी कलरच्या नाड्या होत्या.

पुन्हा बसले. नऊच्या सतरा ओळी झाल्या.
सरकणाऱ्या बोटाला सरकू द्यायचं,
एखाद्या नावावर ते जरा रेंगाळलं
तर तेवढंच पान आणायचं.
आणि ज्याचं नेट मोजकं, फोन तसं सांगतोय,
त्याच्यासाठी काही नाही. मागेल तेव्हा देऊ.

रात्री हिशेब काढला.
आणलेली पानं एकशे बारा, उघडलेली सत्तर.
बेचाळीस तशीच, कुणी न बघितलेली.

अम्मा गच्चीवर चटई टाकत होती. तिला सांगितलं.
बेचाळीस म्हणजे काही फार नाही, म्हणाली.
मग उशी थोपटत, जरा थांबून,
"रंग कुठला होता गं?"