अर्थ

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागायचा,
इंडिकेटर दिला की टेललाइट मिचमिचायचे.
देवास नाक्यावर तिघांनी तीन फ्यूज बदलले.

मुख्तारभाईनं बोनेट उघडलंच नाही.
टेस्ट लॅम्पची वायर दातांत धरून
मागच्या चाकाशी आडवा झाला.
‘माल काय भरता?’
लोणची, म्हटलं. पिंपं गळतात कधी कधी.

चासीवर बोल्टाखाली वायरचं टोक, खारानं हिरवं.
‘अर्थ गेलाय हिचा.
करंट तर येतच होता, साहेब,
परतायला वाट नव्हती,
म्हणून दिसेल त्या दिव्यातून घुसायचा.’

पॉलिश पेपरनं घासत राहिला
तांबं उजळेपर्यंत.

चाळीस रुपये म्हणाला. सुटे नव्हते.
कैरीची बरणी दिली.
त्यानं ती आधी उलटी करून
झाकण गळतं का पाहिलं.