दाखवायचे दात

डलुथमध्ये फेब्रुवारीत तलाव बंद असतो,
दवाखाना चालू.
पावणेदहाला वेंडेल किवेला येतो,
दारातल्या पायपुसण्यावर बूट सहा वेळा झटकतो, काढतो,
आणि बर्फ आत आणल्याबद्दल माफी मागतो,
बहुधा पायपुसण्याचीच.

याला मी आधी ऐकलाय, मग पाहिलाय.
निहारच्या खोलीतून भिंत फोडून यायचा त्याचा आवाज:
हा टोस्टर नाही, हा पावाचा अपमान आहे!
ज्याने बनवला त्याच्या नाश्त्याला आग लागो!
मग धाडकन काहीतरी फुटायचं,
माझं तेरा वर्षांचं पोर खिदळायचं,
आणि रात्री माझ्या पोळ्यांना
तसंच किंचाळून पाचपैकी दोन तारे द्यायचं.

चार लाख लोक बघतात म्हणे त्याला
दात-ओठ खाताना.
आत बघते ती मी एकटी.

आ करा, म्हणते. करतो.
ज्या तोंडाने एवढं तोंडसुख घेतलं
ते आता कापसाच्या बोळ्यांनी भरलेलं,
जीभ एका कोपऱ्यात,
शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखी.
सुई दिसली तशी पायाची बोटं मोज्यात वळली.

दाढा मात्र सपाट.
टाकी न लावता वर्षानुवर्षं फिरवलेलं जातं जसं.
कवच गेलेलं, आतलं पिवळं उघडं,
डावीकडची खालची एक चिरलेली.
हे ओरडण्याने होत नाही.
ओरडताना तोंड उघडं असतं.
हे होतं मिटल्या तोंडाने,
रात्री तीनच्या सुमाराला,
कुणी बघत नसताना.

झोपेत दात खाता का?
बायको म्हणायची तसं, तो म्हणाला.
त्या 'म्हणायची'पाशी मी थांबले नाही,
कागदावर 'हो' लिहिलं.

भूल चढायला दहा मिनिटं लागतात,
तेवढ्यात आपणहून सांगत सुटला.
फोडण्याआधी तो वायर काढतो, गुंडाळतो, रबर लावतो.
काचा गुडघे टेकून वेचतो, कुत्रीच्या पायात जाऊ नयेत म्हणून.
शिव्या आधी कागदावर,
दोनदा वाचून, एखादी गाळून.
त्या टोस्टरचा जुळा भाऊ त्याच्याच ओट्यावर आहे.
चांगला आहे तसा, म्हणाला,
शब्द ओठाच्या डाव्या कडेवरून ओघळायला लागले होते,
पण चांगल्याला कोण बघतं?

म्हणजे राग खोटा, मी म्हटलं.

तो छताकडे बघत राहिला.
तिथे मी लहान मुलांसाठी मासे चिकटवलेत.
वडील लोहखनिजाच्या धक्क्यावर होते, म्हणाला,
चाळीस वर्षांत आवाज चढवला नाही.
रागावलेत की नाही ते आम्ही
कपातल्या चमच्यावरून ओळखायचो,
किती वेळ फिरतो त्यावरून.
आणखीही काही होतं,
पण जबडा बधिर झाला आणि ते आतच राहिलं.

दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे,
ही म्हण हत्तीची. त्याला परवडतं.
माणसाची पंचाईत अशी
की तेच बत्तीस,
दिवसा दाखवायचे
आणि रात्री तेच खायचे.

ठसा घेतला. गुलाबी लगदा घट्ट होईपर्यंत
तीन मिनिटं हलू नका म्हटलं, हलला नाही.
जाताना डार्लीनने अभिप्रायाचं कार्ड पुढे केलं.
त्याने खूप बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं,
घडी घातली, पुन्हा घडी घातली,
आणि टाचणी मागितली.

गाव लहान. संध्याकाळी निहारला कळलेलं होतं.
आई, खरा कसा आहे गं तो? घरी पण तसाच असेल?
पेशंटबद्दल बोलायचं नसतं, मी म्हटलं.
एवढंच सांग, चिडका आहे का?
बोलायचं नसतं, निहार,
अगदी हळू म्हटलं,
आवाज जराही न चढवता.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
माझ्या चहाच्या कपाकडे पाहिलं.
चमचा अजून फिरत होता.
साखर मी कधीची सोडलीये.