शेरा

पहाटे तीनची बस होल्बेकच्या उतारावर वळते
तेव्हा लीड्स शहर
कुणी मालवायला विसरलेल्या दिव्यासारखं दिसतं.
बसमध्ये आम्ही दोघंच. मी,
आणि मागच्या सीटवर पिवळं जाकीट घातलेला एक माणूस
जो सूर्यफुलाच्या बिया खातो
आणि टरफलं स्वतःच्याच टोपीत साठवतो.
एकदा त्यानं मूठ पुढे केली. मी चार बिया घेतल्या.
नाव विचारायचं राहिलं. मी आधी उतरते,
तो पुढे जातो, वेकफील्डच्या दिशेनं.

ऑफिस म्हणजे गालिच्यांच्या बंद दुकानावरचा मजला.
साहेब लोकांनी अंडी उकडायला टाकण्याआधी
एकशे बारा वृत्तपत्रं चाळायची:
त्यांचं नाव कुठे आलं, किती ओळी आलं,
वरच्या घडीत की खालच्या,
आणि कोणत्या सुरात.
सूर तीनच. अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ.
आमच्या पेटीमास्तरांना हे सांगितलं असतं
तर भाता मिटून उठून गेले असते.

ऑक्सलीबाईंनी मुलाखतीत एवढंच विचारलं होतं,
"कात्री चालवता येते?"
आता कात्री कुणी वापरत नाही.
त्यांच्या टेबलावर ती अजून आहे,
पाती तीस वर्षांच्या शाईनं काळी.

आईला फोनवर सांगितलं, मी पेपर वाचते.
"त्याचे पैसे देतात?"
"देतात."
"मग माझे किती झाले गं?"
आई वाण्याची पुडी सोडवून
कागद मांडीवर सपाट करायची,
तुरीचे चार दाणे बाजूला सारून वाचायची.
बातमी नेहमी अर्धी.
'आणि त्या दोघींनी' इथेच फाटलेली.
त्या दोघींनी काय केलं असेल
हे ती भाकऱ्या होईपर्यंत ठरवत असायची.
बायोडेटात मी हे लिहिलं नाही.

गुरुवारी, वेकफील्डच्या एका साप्ताहिकात,
पान अकरा, गाद्यांच्या सेलच्या वर,
चौऱ्याऐंशी शब्द.
गोदामात मांडणी कोसळली. एक कामगार, वय एक्केचाळीस.
आमच्या ग्राहकाचं नाव शेवटच्या ओळीत, एकदाच.
नियम असा, की दोष दिला नसेल तर तटस्थ.
मी तटस्थ लिहिलं.
नियम चुकीचा नाही. नव्या मुलाला
मीच तो शिकवलाय.

मागची सीट सोमवारपासून रिकामी होती
हे माझ्या लक्षात आलं दुपारी, घरी जाताना.
लक्ष ठेवणं हा माझा पेशा.

याचा काही अर्थ होतोच असं नाही. माणसं पाळी बदलतात,
सायकल घेतात, आपापल्या देशी परत जातात.
दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या
म्हणून एकमेकींच्या कुणी लागत नाहीत,
हे पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं
आणि त्या पेपरात मला पैकीच्या पैकी होते.

तरी शुक्रवारी मी वाकून सीटखाली पाहिलं.
टरफल नव्हतं.
त्यानं कधी खाली टाकलंच नव्हतं.

फाइल पुन्हा उघडली. शेवटचा रकाना, शेरा.
चाळीस अक्षरं, त्यापुढे घेत नाही.
तो कुणी भरत नाही, कुणी वाचत नाही.
'नाव दिलेलं नाही,' मी टाइप केलं,
मग थोडी जागा उरली म्हणून
'मीही विचारलं नव्हतं.'

ऑक्सलीबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.
कधीपासून, कोण जाणे.
बोलल्या काहीच नाहीत.
रद्दीच्या गठ्ठ्यातून ते साप्ताहिक काढलं,
कात्री उचलली,
आणि ते चौऱ्याऐंशी शब्द कापून माझ्या कपाखाली ठेवले.
हात थोडा हलला असावा,
अर्धी गादी सोबत आली.

सात वाजून वीस मिनिटं झाली होती.
पाणी कंपनीचं अजून सगळंच बाकी होतं.