आडवी शेपटी

मे महिन्यात शाळांचे अर्ज नसतात,
झेरॉक्सचं मशीन दुपारभर घोरतं,
म्हणून दाराला कागद लावला:
जलपरीची चित्रं, रंगवायला, दोन रुपयांना एक.
पाच घेतल्यास आइस्क्रीमच्या काड्या फुकट.

खार दांड्यात माझं दुकान.
एका अंगाला बर्फवाला, दुसऱ्या अंगाला जाळ्यांचा दोरा.
मी मूळचा खटावकडचा,
एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला
आणि विचारलं, ह्याचा पलीकडचा काठ कुठंय?
अशा माणसानं जलपऱ्या विकायच्या.

टोनर संपत आलेला.
प्रत्येक परीच्या पोटावरून एक पांढरा पट्टा,
जणू तिला घडी घालून कुणी खिशात ठेवली होती.
पोरांनी तक्रार केली नाही.
कंबरपट्टा म्हणाली, आणि सोनेरी रंगवला.

फरशीवर जुने पेपर अंथरून बसली सगळी.
एल्रॉयनं कागदी ताटलीला लोकरीचे केस चिकटवले,
मग स्वतःच्या भुवईला.
अलमासनं परीला मनगटापर्यंत बाह्या काढल्या,
"रात्री गार पडतं पाणी."
गुलाबी खडू सगळ्यांत आधी संपला.

दर्शिका तांडेल नुसती बघत बसली.
कागद उभा धरला. आडवा धरला.
"काका, शेपटी चुकली."
कशी काय?
"माशाची शेपटी उभी असते. अशी,"
तळहात तलवारीसारखा, "डावी-उजवी हलते.
हिची आडवी. वर-खाली हलणार.
मासा नाही हा. गादा आहे.
गाद्याला खवले नसतात."

मी दीडशे प्रती काढल्या होत्या.
दीडशे वेळा फक्त शाई बघितली होती,
फिकी की गडद.

छापलेलं खोडरबरानं जात नाही
हे तिला घासघासून कळलं.
मग शिसपेन्सिलीनं एकेक खवला बुजवला,
बोटानं चोळून शेपटी करडी, ओली केली.

दुसऱ्या दिवशी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आली.
आत जिताड्याचे खवले,
सात पाण्यांनी धुतलेले, पत्र्यावर वाळवलेले,
बाळाच्या नखांसारखे.
"आईच्या गिऱ्हाइकानं डोकंपण नको म्हटलं.
खवले कोण मागतो?"

अगं, पण तूच म्हणालीस ना, शेपटीला खवले नसतात?
"शेपटीला नाही हो."
तिनं बोट फिरवलं परीच्या भोवती,
जिथं काहीच नव्हतं.
"हिला पाणीच नाही दिलंत तुम्ही."

दोन रुपयांत पाणी बसत नाही,
असं काहीतरी मी पुटपुटलो.
कुणी ऐकलं नाही.
गुलाबी पऱ्या बाजूला सारून
सगळी बरणीवर वाकली होती.
चिकटपट्टी नको, डिंक हवा होता.
"एकाच बाजूला तोंड करा सगळ्यांची," दर्शिका दटावत होती,
"भरती आहे. भरतीत कुणी उलटं बघत नाही."
एल्रॉयनं तीन उलटे लावले.
तिथं खडक आहे, म्हणाला. चाललं.

संध्याकाळी पासपोर्ट फोटोंच्या दोरीवर
चिमटे लावून समुद्र वाळत घातले.
पंख्याखाली ते हलत होते, वर-खाली.

आता दुकानाला वास येतो.
काल एका साहेबांनी आधार कार्डाची प्रत
नाकाजवळ नेली आणि माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, ओरिजिनलसारखीच आहे, साहेब.

शटर अर्धं ओढलं की
बर्फवाल्याची एककानी मांजर येऊन बसते,
मान वर करून,
दोरीखाली.