फळीवरच्या दोन बाटल्या

नळ येणार म्हणून रात्री अडीचला उठतो मी.
वसमतला आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी.
आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ, मग जरा बरं.
पिंप भरेपर्यंत काय करावं माणसानं?

न्हाणीच्या फळीवर दोन बाटल्या.
हिरवी सत्यभामेची, एकशे पाच रुपये.
पांढरी सुनेची, पाचशे एकोणपन्नास.
चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो मी,
लेबल वाचल्याबिगर मला चैन पडत नाही.

भिंग आणलं.
अक्षरं मुंगीच्या पायाएवढी,
त्यात ओल लागून निम्मी विरघळलेली.

पहिला घटक, पाणी.
दुसऱ्या बाटलीतही पहिला घटक पाणीच.
कारखाना जिथं असेल तिथं
बहुतेक रोज येत असेल.

मग हिरवीत सोडियम लॉरेथ सल्फेट.
पांढरीवर ठळक अक्षरात, सल्फेट नाही.
खरंच नाही. त्याच्या जागी सल्फोनेट बसलंय,
त्याचाच चुलतभाऊ,
नाव जरा बदलून शहरात राहायला गेलेला.

त्याखाली खोबऱ्यापासून केलेलं एक फेसाळ औषध, दोन्हीत.
त्याखाली मीठ.
होय, आपलं साधं मीठ, द्रव दाट व्हावा म्हणून.
आमची बोअर ते फुकट देते
आणि फेस मात्र होऊ देत नाही.

मग सुगंध. इथं थांबायचं.
घटक जास्तीकडून कमीकडं लिहीत जातात,
सुगंधाच्या खाली जे आलं ते चिमूटभर समजा.
हिरव्या बाटलीवर माका केवढा, पानाफुलांसकट,
लेबलात सुगंधाच्या खाली.
पांढरीवर आर्गनचं झाड, कुठल्या दूरच्या वाळवंटातलं,
तेही तिथंच, सुगंधाच्या खाली,
पंगत उठता उठता पोचलेल्या पाहुण्यासारखं.

मला हसू आलं.
दवाखान्यात खोकल्याचं औषध एकाच पिंपातलं असायचं,
हमालाच्या पोराला तेच, सभापतीच्या आईला तेच.
तिच्यासाठी फक्त बाटली धुऊन घ्यायचो
आणि वर कागदी पट्टी डकवायचो, जरा कोरीव.
तिचा खोकला हमालाच्या पोराच्या आधी थांबायचा.

कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं दोन रकाने आखले.
सोळातले अकरा सारखे.

हे सांगावं का घरात?
सत्यभामा म्हणणार,
"मी काय म्हणत होते? साडेपाचशाचं सोनं लावतीय का डोक्याला?"
ऋतुजा काहीच म्हणणार नाही,
बाटली तेवढी मागं सरकवेल, लेबल भिंतीकडं करून.
मोरीच्या जाळीत दोघींचे केस अडकतात,
काळे आणि मेंदीनं तांबडे,
एकाच काडीनं काढतो मी रोज.

पांढरी परत ठेवताना उजेडात धरली.
बाजूला बॉलपेनची बारीक रेघ, सुनेच्या हातची,
कुठवर उतरलंय त्याची खूण.
रेघेच्या वर अजून एक, पुसट, अंगठ्यानं पुसलेली.
तिच्या वर अजून एक.
शाम्पू खाली जाईल तशी ती रेघ खाली आणते,
कुणाला विचारत नाही.

परवा हळदीच्या पोत्यांनी सगळं गाव भरलेलं असताना
सत्यभामेच्या पदराजवळ एक गोडसर वास आला होता.
मी म्हणालो, अगरबत्ती कुठली आणलीस?
ती म्हणाली, "देवाला विचारा."

पिंप भरलं. दुसऱ्यात पाईप टाकला.
कॅलेंडरचं पान चार घड्या करून बंडीच्या खिशात ठेवलं.

"काय करायलाव एवढ्या रात्री न्हाणीत?"
आतून आवाज.
"शाम्पू वाचायलोय."
जरा वेळ शांतता,
आणि मग एक नाही, दोघींचं हसणं,
दोन खोल्यांतून.
"कामून? टकलाला लावायचाय?"